विश्लेषण : पेशी आपल्याच मजकुराची नक्कल कशी करतात? आर्थर कॉर्नबर्ग यांच्या शोधाचे गोंदियातील सिकलसेलशी नाते काय?

गोंदिया शहरालगतचे नागरा हे गाव तेथील प्राचीन शिवमंदिरासाठी ओळखले जाते. पूर्व विदर्भातील इतर गावांप्रमाणे या पट्ट्यातही आरोग्य विभाग गेली अनेक वर्षे एकच गोष्ट सांगत आहे. लग्न जुळवताना पत्रिका पाहायची असेल तर जरूर पाहा, पण मुलाचे आणि मुलीचे सिकलसेल तपासणीचे कार्डही पाहा. त्या कार्डावर ‘एएस’ किंवा ‘एसएस’ अशी दोन अक्षरे असतात. ती कुठून आली, हे समजून घ्यायचे तर १९५६ साली अमेरिकेतील सेंट लुईस शहरातल्या एका प्रयोगशाळेत जावे लागते. पेशी आपल्या जनुकीय मजकुराची प्रत कशी काढते, हे आर्थर कॉर्नबर्ग या जीवरसायनशास्त्रज्ञाने तेथे पहिल्यांदा परीक्षानळीत दाखवले. त्यांच्या शोधाचा सिकलसेलशी संबंध दूरचा वाटतो. प्रत्यक्षात तो बराच थेट आहे.

नक्कल म्हणजे नेमके काय?

तलाठी कार्यालयातून सातबाऱ्याची नक्कल काढणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. मूळ नोंदीत आडनाव चुकले असेल तर नकलेतही ते चुकलेलेच येते. नक्कल काढणाऱ्याचे काम आहे ते उतरवण्याचे असते, बरोबर की चूक हे ठरवण्याचे नसते. पेशीतही असेच घडते. मानवी डीएनएमध्ये ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांत लिहिलेला सुमारे ३०० कोटी अक्षरांचा मजकूर असतो. त्याचा एक संच आईकडून येतो आणि एक वडिलांकडून. पेशीचे विभाजन होण्याआधी या दोन्ही संचांची, म्हणजे सुमारे ६०० कोटी अक्षरांची पूर्ण प्रत तयार व्हावी लागते. डीएनएच्या दोन पदरांपैकी प्रत्येक पदर नव्या पदरासाठी साचा बनतो. ए समोर टी बसतो आणि जी समोर सी.

हे काम करणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, ‘डीएनए पॉलिमरेज’ म्हणतात. त्याची अचूकता थक्क करणारी आहे. अक्षर बसवताना साधारण लाखात एखादी चूक होते. ती बहुतेक वेळा विकर स्वतःच मागे वळून खोडते, आणि त्यातून निसटलेल्या चुका दुरुस्त करणारी आणखी एक यंत्रणा मागे असते. शेवटी अब्जावधी अक्षरांमागे एखादीच चूक उरते.

सिकलसेल ही अशीच उरलेली एक चूक आहे. हिमोग्लोबिनची एक साखळी तयार करणाऱ्या जनुकात सहाव्या जागी ‘जीएजी’ हे तीन अक्षरी जोडाक्षर असायला हवे. सिकलसेलमध्ये तेथे ‘जीटीजी’ असते. ए च्या जागी टी, एवढाच फरक. त्यामुळे प्रथिनात ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल बसते. असे हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांना चिकटून लांब काड्या बनवते आणि गोल, लवचिक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. सांधे आणि छातीतल्या असह्य वेदना, वारंवार होणारा संसर्ग, प्लीहेची सूज, रक्तक्षय हे सगळे त्यातून येते.

ही चूक काही नागऱ्यात किंवा देवरी-सालेकसा भागातल्या एखाद्या घरात आज झालेली नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासानुसार ती सुमारे ७ हजार ३०० वर्षांपूर्वी आफ्रिकेत एकदाच झाली असावी. भारतात ती स्वतंत्रपणे झाली, असे मानणारे संशोधकही आहेत. कसेही असले तरी त्यानंतर पिढ्यानपिढ्या जे होत आले ती चूक नव्हे, तर चुकीची अगदी अचूक नक्कल आहे. एकच बिघडलेली प्रत असलेल्या वाहकाला, म्हणजे ‘एएस’ व्यक्तीला, मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळते. म्हणून मलेरियाच्या जंगलपट्ट्यात ही चूक पुसली गेली नाही, उलट टिकली.

कॉर्नबर्ग या शोधापर्यंत कसे पोहोचले?

आर्थर कॉर्नबर्ग यांचा जन्म ३ मार्च १९१८ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनचा. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबातला. वडील आधी शिवणकाम करीत, पुढे त्यांनी हार्डवेअरचे छोटे दुकान टाकले आणि मुलगा तेथे मदतीला उभा राहू लागला. १९४१ मध्ये रोचेस्टर येथून ते डॉक्टर झाले. संशोधक व्हायचे असे ठरलेले नव्हते. विद्यार्थी असताना स्वतःच्याच डोळ्यांत हलकी पिवळी झाक दिसली, म्हणून त्यांनी अशा सौम्य काविळीवर एक छोटा निबंध लिहिला होता. दुसऱ्या महायुद्धात जहाजावरचे डॉक्टर म्हणून काम करीत असताना तो निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संचालकांच्या वाचनात आला, आणि कॉर्नबर्ग यांना जहाजावरून प्रयोगशाळेत बोलावण्यात आले.

तेथे त्यांना आधी जीवनसत्त्वांचे काम मिळाले. उंदरांना वेगवेगळा आहार देऊन निरीक्षणे नोंदवण्याचे हे काम त्यांना लवकरच अपुरे वाटू लागले. पेशीच्या आत प्रत्यक्ष काम कोण करते, हे त्यांना पाहायचे होते. १९४६ मध्ये ते न्यूयॉर्कला सेव्हेरो ओचोआ यांच्याकडे विकरांचे तंत्र शिकायला गेले आणि पुढे आयुष्यभर विकरांतच रमले. त्यांच्या आत्मकथेच्या नावातही विकरांवरचे प्रेमच आहे.

१९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची दुपदरी रचना मांडली. त्या रचनेतच नक्कल कशी होत असेल याची सूचना होती. पण ती सूचनाच होती, पुरावा नव्हता. जिवंत पेशीखेरीज डीएनए तयार होऊच शकत नाही, असे मानणारे अनेक जण होते. कॉर्नबर्ग यांनी त्याच वर्षी सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात विभाग सांभाळायला घेतला. ई. कोलाय हा आतड्यात आढळणारा साधा जिवाणू त्यांनी मोठ्या प्रमाणात वाढवला, फोडला आणि त्याच्या रसात किरणोत्सारी खूण लावलेला डीएनएचा कच्चा माल मिसळला. पहिल्या प्रयोगात दहा लाख भागांपैकी जेमतेम पन्नासएक भाग डीएनएमध्ये गेल्याचे दिसले. दुसऱ्या कोणी हा आकडा यंत्राचा दोष म्हणून सोडून दिला असता. कॉर्नबर्ग आणि सहकाऱ्यांनी मात्र तोच धागा धरून जिवाणूचा रस टप्प्याटप्प्याने शुद्ध केला आणि १९५६ मध्ये डीएनए पॉलिमरेज हाती आले.

या कामात त्यांच्या पत्नी सिल्वी यांचा वाटा होता. त्या स्वतः जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या आणि प्रतीकृतीच्या कामात अडथळा आणणारे एक विकर त्यांनी शोधून वेगळे केले होते. पुरस्कारांच्या बातम्यांत त्यांचे नाव फारसे आले नाही.

मग हा शोध लगेच मान्य झाला का?

नाही. १९५७ मध्ये या शोधावरील दोन निबंध जीवरसायनशास्त्राच्या आघाडीच्या नियतकालिकाने परत पाठवले. परीक्षानळीत तयार झालेल्या पदार्थाला ‘डीएनए’ म्हणण्यासच परीक्षकांचा आक्षेप होता. संपादक बदलल्यावर ते निबंध १९५८ मध्ये छापून आले आणि १९५९ मध्ये कॉर्नबर्ग व ओचोआ यांना वैद्यकाचे नोबेल विभागून मिळाले. नाकारलेल्या निबंधापासून नोबेलपर्यंतचे अंतर दोन वर्षांचे.

पण गोष्ट तेथे संपत नाही. १९६९ मध्ये जॉन केर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने ई. कोलायचा असा एक प्रकार शोधला ज्यात कॉर्नबर्ग यांचे विकर जवळपास नव्हतेच. तरीही तो जिवाणू मजेत वाढत होता. मग नक्कल काढत कोण होते? कॉर्नबर्ग यांनी चुकीच्या विकरासाठी नोबेल घेतले काय, इथपर्यंत टीका गेली. उत्तर घरातूनच आले. त्यांचा मधला मुलगा थॉमस हा न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संगीत संस्थेत चेलोवादन शिकत होता. हाताच्या दुखण्याने वादन थांबले आणि तो प्रयोगशाळेत शिरला. १९७० च्या सुमारास त्याने आणखी दोन पॉलिमरेज शोधली. त्यातले तिसऱ्या क्रमांकाचे विकर जिवाणूत मुख्य नक्कल काढते आणि वडिलांचे विकर मधल्या फटी भरण्याचे व दुरुस्तीचे काम करते, असे स्पष्ट झाले. थोरले चिरंजीव रॉजर यांना २००६ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. डीएनएवरून आरएनएची प्रत कशी उतरवली जाते, हे त्यांनी रेणूच्या पातळीवर दाखवले होते. आर्थर कॉर्नबर्ग यांनी तो सोहळा पाहिला आणि २६ ऑक्टोबर २००७ रोजी त्यांचे निधन झाले.

येथे हरगोविंद खोराना कुठे येतात?

खोराना यांचा जन्म रायपूरचा, असे वाचले की गोंदियाच्या वाचकाला रेल्वेने काही तासांवरचे छत्तीसगडचे रायपूर आठवते. ते रायपूर वेगळे. खोराना यांचे रायपूर हे तेव्हाच्या पंजाब प्रांतातले, आता पाकिस्तानात असलेले एक लहान खेडे. वडील तेथे पटवारी होते. १९४९ मध्ये परदेशातून शिकून परतलेल्या खोराना यांना भारतात मनासारखी नोकरी मिळाली नाही आणि ते पुन्हा इंग्लंडला गेले. तेथून कॅनडा, अमेरिका आणि १९६८ चे नोबेल.

खोराना यांनी केलेले काम कॉर्नबर्ग यांच्या विकराशिवाय अवघड होते. त्यांनी प्रयोगशाळेत ठरावीक क्रमाचे छोटे डीएनए तुकडे रासायनिक पद्धतीने जोडले, डीएनए पॉलिमरेज वापरून त्यांच्या लांब प्रती काढल्या, त्यावरून आरएनए उतरवला आणि त्या आरएनएपासून कोणती अमिनो आम्ले जोडली जातात ते पाहिले. आरएनएमध्ये टी च्या जागी यू हे अक्षर असते. यू आणि जी आळीपाळीने आले की व्हॅलिन आणि सिस्टीन मिळत होते. ए आणि जी आळीपाळीने आले की आर्जिनिन आणि ग्लुटामिक आम्ल. सिकलसेलमधली जी अदलाबदल आहे, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन, तिची दोन्ही जोडाक्षरे या प्रयोगांत वाचली गेली. केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५६-५७ मध्ये प्रथिनातला फरक शोधला होता, पण तो डीएनएच्या कोणत्या अक्षरामुळे होतो हे सांगायला जनुकीय लिपी वाचता यावी लागत होती.

पीसीआर आणि सिकलसेल

करोनाकाळात घरोघरी पोहोचलेला ‘पीसीआर’ हा शब्द कॉर्नबर्ग यांच्या विकराचाच विस्तार आहे. डीएनए तापवून दोन पदर सुटे करायचे, विकराकडून दोन्हींची नक्कल काढून घ्यायची, पुन्हा तापवायचे. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट. कॅरी म्युलिस यांना ही कल्पना १९८३ मध्ये सुचली.

या तंत्राचा पहिला शोधनिबंध डिसेंबर १९८५ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला तो कशावर? सिकलसेलच्या निदानावर. हिमोग्लोबिनच्या जनुकाचा हवा तो तुकडा त्यांनी सुमारे २ लाख २० हजार पट वाढवला आणि एका दिवसाच्या आत निदान होऊ शकते हे दाखवले. वापरलेले विकर होते कॉर्नबर्ग यांच्या पॉलिमरेजचाच एक तुकडा. ते उष्णतेने नष्ट होत असल्याने प्रत्येक फेरीला नव्याने घालावे लागे. उष्णता सोसणारे विकर नंतर आले.

आपल्याकडच्या चर्चेत हा तपशील क्वचितच येतो. जगात आज गुन्हे तपासापासून साथीच्या निदानापर्यंत वापरले जाणारे हे तंत्र पहिल्यांदा छापून आले ते ज्या आजाराच्या निदानासाठी, तो पूर्व विदर्भातला रोजचा आजार आहे. मात्र त्या तंत्राचा या भागाला मिळालेला लाभ अजूनही तोकडा आहे.

उपचार कुठपर्यंत आले आहेत?

आज सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे हायड्रॉक्सियुरिया. गंमत अशी की हे औषध नकलेच्याच कामात खीळ घालते. डीएनएचा कच्चा माल तयार करणाऱ्या विकराला ते अडवते. त्यातून अस्थिमज्जेवर ताण येतो आणि जन्मानंतर बंद पडत गेलेले गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा काही प्रमाणात तयार होऊ लागते. हे हिमोग्लोबिन विळा होऊ देत नाही. वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची गरज कमी होते. औषध महागडे नाही, पण ते नेमाने घ्यावे लागते आणि ठरावीक काळाने रक्तपेशींची मोजणी करावी लागते.

डीएनए थेट संपादित करणारी ‘कॅसजेव्ही’ ही उपचारपद्धती नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने मंजूर केली. अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने ‘बिरसा १०१’ या स्वदेशी जनुक संपादन उपचाराची घोषणा केली. दिल्लीच्या ‘आयजीआयबी’ संस्थेने तो विकसित केला असून तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला देण्यात आले आहे. नाव बिरसा मुंडा यांचे आणि उद्देश किंमत आवाक्यात आणण्याचा. मात्र अशा कोणत्याही उपचारात रुग्णाच्या मूळ पेशी काढून, त्या बदलून, केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करून पुन्हा सोडाव्या लागतात. हे काम तालुक्याच्या रुग्णालयात होणारे नाही. घोषणेच्या बातम्यांनी हुरळून जाण्याआधी हे लक्षात ठेवलेले बरे.

गोंदियात अडते कुठे?

मध्य भारतात सिकलसेलची नोंद नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये केली होती. म्हणजे कॉर्नबर्ग यांचे निबंध छापून आले त्याच वर्षी. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान मात्र १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. १७ राज्यांत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट. महाराष्ट्राचा स्वतःचा कार्यक्रम त्याआधीपासून आहे. तपासणीचा आकडा वेगाने वाढला, हे मान्य करायला हवे.

पण तपासणी म्हणजे निदान नव्हे. गावपातळीवर होणारी सोल्युबिलिटी चाचणी रक्तात ‘एस’ हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच सांगते. व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. पहिल्या नमुन्यानंतर दुसरा अहवाल आलाच नाही, किंवा आला पण तो समजावून सांगायला कोणी नव्हते, तर कार्ड कपाटात राहते. अभियानाचे यश मोजताना नमुने मोजले जातात. समुपदेशन झालेली जोडपी मोजायला हवीत.

दुसरी अडचण नावातच आहे. सिकलसेलला ‘आदिवासींचा आजार’ म्हटले जाते. विदर्भात तो गोंड, माडिया, परधान समाजांबरोबरच अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीय समाजांतही आढळतो. गोंदियालगतच्या मिश्र वस्तीच्या गावांत ‘हे आपल्यात नसते’ असे मानून तपासणी टाळली गेली, तर चूक अभियानाच्या आखणीचीही आहे.

तिसरी अडचण लग्नाची. ‘एएस’ म्हणजे आजारी नव्हे. वाहकाचे लग्न निर्दोष प्रत असलेल्या व्यक्तीशी झाले तर एकाही अपत्याला ‘एसएस’ आजार होत नाही. दोन्ही वाहक असतील तरच प्रत्येक गर्भारपणात चारात एक एवढी शक्यता असते. तीसुद्धा प्रत्येक वेळी नव्याने. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुरक्षित, असे गणित नसते. कार्ड जुळवण्याचा सल्ला चांगला असला तरी त्याचा भार मुलींवर अधिक पडतो. मुलाचे कार्ड कोणी मागत नाही आणि मुलीचे ‘एएस’ कळले की स्थळ मोडते.

आणि ज्यांचे लग्न होऊन गेले आहे त्यांचे काय? येथे पुन्हा कॉर्नबर्ग यांचे विकर कामी येते. गर्भाच्या रक्तात सुरुवातीला वेगळेच हिमोग्लोबिन असते, त्यामुळे नेहमीची रक्तचाचणी उपयोगाची नसते. जनुक मात्र पहिल्या पेशीपासून तेथे असतो. गर्भारपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक नमुना घेऊन डीएनए चाचणी करता येते. गर्भलिंग निदानाला बंदी असली तरी हिमोग्लोबिनच्या आजारांच्या निदानाला नोंदणीकृत केंद्रांत कायद्याने परवानगी आहे. पुढे काय करायचे, हा निर्णय त्या स्त्रीचा.

विदर्भात हिमोग्लोबिन विकारांसाठी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे केंद्र चंद्रपूरला आहे. गोंदियाहून तेथे जायला नागभीडमार्गे बल्लारशाची गाडी आहे. नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. प्रवास जमण्यासारखा आहे, वेळ मात्र मोजकी असते. गर्भारपणाची नोंद तिसऱ्या-चौथ्या महिन्यात झाली, त्यानंतर पत्नीचा अहवाल आला आणि मग पतीला तपासणीसाठी बोलावले, तर बारावा आठवडा मागे पडलेला असतो. आशा कार्यकर्तीकडे नोंद होते त्याच दिवशी दोघांचीही कार्डे पाहिली गेली, तर नमुना वेळेत घेता येतो.